पेव : एका रानफुलाची आणि त्याच्या नावांची ओळख

(तृतीय वर्ष कला, मराठी)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने एका रानझाडावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. वनस्पतिशास्त्र हा आमचा विषय नव्हे. आमच्याजवळ प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. आहेत ती पुस्तके, शब्दकोश आणि फळा. परंतु हा लेख ज्या चुकीतून निर्माण झाला ती चूक वनस्पतिशास्त्राची नव्हती, शब्दाची होती. एका झाडाला पुस्तकात दिलेल्या एका नावावर मी विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाची किंमत माझ्या घराला, विशेषतः माझ्या आजीला, मोजावी लागली. ती हकीगत पुढे येईलच. प्रथम झाडाची ओळख करून घेऊ.

रूप आणि राहणी

पावसाळ्यात कोकणातील कोणत्याही व्हाळाच्या काठाने चालत गेले, किंवा एखाद्या देवराईच्या सावलीत डोकावले, की पुरुषभर उंचीची, किंचित वाकडी, गोल गोल वळत वर गेलेली काही झाडे दिसतात. लांबून पाहणाऱ्याला ती हळदीची किंवा आल्याची भावंडे वाटतात. टोकाला तांबूस शेंड्यासारखे एक बोंड असते आणि त्या बोंडातून एखादे शुभ्र, मोठे, नाजूक फूल बाहेर आलेले असते. हेच पेव. काही ठिकाणी त्याला पेवा किंवा पेवगा असेही म्हणतात. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, कोकणात, गोव्याच्या रानांत, एवढेच नव्हे तर मुंबईच्या सीमेवरील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही ते पाहावयास मिळते. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत, आणि तेथून आग्नेय आशियामार्गे न्यू गिनी व ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतापर्यंत त्याचे मूळ घर पसरलेले आहे. म्हणजे पेव हा आपला एकट्याचा नाही. पण तो आपलाही आहे, आणि कोणी बाहेरून आणून लावलेला नाही.

त्याला तीन गोष्टी लागतात : ओल, सावली आणि पानांचा कुजलेला थर. उघड्या, तापलेल्या कातळावर पेव दिसणार नाही. माझी आजी हे एका वाक्यात सांगते : "जंय पेव, थंय ओल." विहीर कोठे खणावी हे ठरवताना गावातील जुनी माणसे अशा खुणा पाहात असत, असेही ती सांगते.

हळदीच्या किंवा आल्याच्या झाडापासून पेव वेगळा कसा ओळखावा? त्यासाठी तीन साध्या परीक्षा आहेत. कोणत्याही विद्यार्थ्याला त्या रानात उभ्या उभ्या करता येतील.

पहिली परीक्षा पानांच्या मांडणीची. हळदीची किंवा आल्याची पाने समोरासमोरच्या दोन रांगांत असतात, पंख्याच्या काड्यांसारखी. पेवाची पाने एकाच रांगेत असतात. मात्र ती रांग खोडाभोवती गोल फिरत वर जाते. एका पानापासून पुढचे पान थोडेसेच वळलेले असते. वरून खाली पाहिले की देवळाच्या मनोऱ्यातील चक्राकार जिन्याची आठवण होते. अशा मांडणीमुळे वरच्या पानाची सावली नेमकी खालच्या पानावर पडत नाही, आणि दाट सावलीतला थोडा उजेडही वाया जात नाही.

दुसरी परीक्षा पानाच्या देठाजवळच्या आवरणाची. आल्याच्या पानाचे आवरण खोडाभोवती उपरण्यासारखे गुंडाळलेले असते. एका बाजूने ते उलगडता येते. पेवाचे आवरण बंद नळीसारखे असते. ते काढावयाचे तर फाडावेच लागते.

तिसरी परीक्षा सर्वांत सोपी आणि, माझ्या दृष्टीने, सर्वांत महत्त्वाची. ती वासाची. आले, हळद, आंबेहळद, वेलदोडा यांचे पान चुरगळले किंवा कंद मोडला की वास दरवळतो. पेवाला असा सुगंध नाही. पान चोळा, कंद मोडा. हाताला लागतो तो फक्त हिरवट रस. याच कारणांमुळे, पूर्वी आल्याच्या कुळात धरल्या जाणाऱ्या पेवाच्या गटाला 1941 साली नाकाई या जपानी शास्त्रज्ञाने स्वतंत्र कुळाचे स्थान दिले.

फुलाची रचना

पेवाचे फूल पाहणाऱ्याची फसवणूक करते. ते पांढरे, झालरीसारख्या कडांचे, घशाशी पिवळसर असे एकच मोठे फूल दिसते. ज्याला आपण पाकळी समजतो तो चुरगळलेल्या तलम कागदासारखा मोठा पडदा वस्तुतः पाकळी नव्हेच. या कुळाच्या फुलात मूळ सहा पुंकेसर असावयास हवेत. त्यांतील पाचांनी आपले काम सोडले, ते एकमेकांस जोडले गेले आणि त्यांचा मिळून हा पडदा झाला. उरलेला एकच पुंकेसर परागकण तयार करतो, आणि तोही पाकळीसारखा रुंद असतो. खऱ्या पाकळ्या तीन. त्या मागे असतात आणि पडद्याच्या शोभेपुढे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अंगणातल्या कर्दळीच्या फुलातही असाच प्रकार आहे. तिच्या रंगीत "पाकळ्या" म्हणजे रूप पालटलेले पुंकेसरच होत.

स्त्रीकेसराची दांडी त्या एकुलत्या एका पुंकेसराच्या परागकोशाच्या दोन कप्प्यांमधून वर येते. फुलाच्या नळीत मध असतो. मोठा काळा भुंगा पडद्यावर उतरतो, डोके आत घालतो, तेव्हा त्याची पाठ नेमकी परागकोशाला घासते. लहान माश्यांना हे साधत नाही. म्हणजे पडदा हा भुंग्यासाठी मांडलेला पाटच म्हणावयाचा.

बोंडावरची तांबूस छदे टोकाशी टोचणारी असतात. एका बोंडात पुष्कळ कळ्या असतात, पण उमलतात त्या एका वेळी एक किंवा दोन. एक फूल एका दिवसाचे सोबती असते. सकाळी उमललेले संध्याकाळी मलूल होते. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उमलते. अशा रीतीने एकच बोंड कित्येक दिवस पाहुण्यांचे स्वागत करीत राहते. फुलांचा हंगाम साधारणपणे श्रावण-भाद्रपदाचा. आमच्याकडे गणपती येतात तेव्हा व्हाळाचा काठ पेवांनी पांढरा झालेला असतो.

एका वर्षाचा क्रम

फुले संपली की छदे आणखी लाल होतात आणि त्यांच्या आड लाल फळे धरतात. फळ तडकले की काळ्या बिया दिसतात आणि त्यांना पांढरे, मऊ आवरण असते. लाल, पांढरा आणि काळा हे तीन रंग रानाच्या हिरव्या काळोखात लांबूनही नजरेत भरतात. मुंग्या आणि पाखरे त्या आवरणासाठी येतात आणि बी दूर नेतात.

पाऊस सरला, जमीन सुकू लागली, की खोड पिवळे पडते, वाळते आणि आडवे होते. उन्हाळ्यात त्या जागी गेलात तर पेव तेथे होता याची खूणही सहज सापडत नाही. पण तो मेलेला नसतो. जमिनीखाली बोटाएवढे, मनगटाएवढे, आडवे पसरलेले कंद एकमेकांत गुंतून पडलेले असतात. त्यांत पिष्टमय अन्न साठवलेले असते. मृगाच्या सरी पडल्या की त्या कंदांतून भाल्याच्या फाळासारखे कोंब वर येतात. काही आदिवासी भागांत हे कंद शिजवून खाण्याची रीत आहे.

येथे आमच्या वर्गातील एक गंमत सांगतो. मी पेवावर लेख लिहितो आहे असे म्हणताच सोलापूरकडील माझा एक मित्र म्हणाला, "पेव म्हणजे खड्डा ना? त्यावर काय लिहिणार?" त्याचे चुकले नव्हते. देशावर धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेल्या कोठाराला पेव म्हणतात. एखाद्या गोष्टीचे "पेव फुटले" असे आपण म्हणतो ते त्याच पेवावरून. कोकणच्या पावसात जमिनीत धान्य ठेवणे शक्य नाही, म्हणून आम्हांला पेव म्हटले की झाड आठवते. त्याला खड्डा आठवतो. एकच शब्द, दोन मुलूख, दोन वस्तू. तरी दोघांत एक साम्य आहे : दोन्ही पेवे कठीण दिवसांसाठी जमिनीच्या पोटात अन्न राखून ठेवतात.

नावांचा प्रवास

हा शब्दांचा घोटाळा निरुपद्रवी होता. आता दुसऱ्या, अधिक गुंतागुंतीच्या घोटाळ्याकडे वळू.

अथर्ववेदात कुष्ठ नावाच्या एका औषधीची सूक्ते आहेत. ती हिमवंतावर उगवते आणि तक्मन् नावाचा ज्वर घालवते असे तिचे वर्णन आहे. ही औषधी म्हणजे काश्मीर व आसपासच्या उंच हिमालयात वाढणाऱ्या एका झाडाचे सुगंधी मूळ. मराठीत त्याला कोष्ठ किंवा उपलेट म्हणतात. या मुळाला धूपासाठी, अत्तरांसाठी आणि औषधासाठी फार मागणी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या "पेरिप्लस" या सागरी मार्गदर्शिकेत सिंधूच्या मुखाजवळील बंदरातून आणि भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात त्याची नोंद आहे. मालाबरोबर शब्दही गलबतात बसला. संस्कृत कुष्ठाचे ग्रीकमध्ये "कोस्तोस" झाले आणि लॅटिनमध्ये "कॉस्टस".

मूळ युरोपात पोचत होते. ज्या झाडाचे ते मूळ, ते झाड मात्र तेथील पंडितांनी पाहिलेले नव्हते. 1753 साली स्वीडनच्या लिनियसने जगातील वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला, तेव्हा "कॉस्टस" हे नाव त्याने आल्यासारख्या दिसणाऱ्या एका उष्णप्रदेशीय झाडाला दिले. त्याला विशेषण जोडले "अरेबिकस", म्हणजे अरबस्तानचे. प्रत्यक्षात ते झाड अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील! हिमालयाचे नाव, अरबस्तानचे विशेषण आणि अमेरिकेचे झाड, असा हा त्रिवेणी संगम झाला. एवढ्या थोर शास्त्रज्ञाचीही न पाहिलेल्या वस्तूच्या बाबतीत अशी चूक व्हावी, हे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या पेवाची शास्त्रीय नोंद केली योहान गेरहार्ड क्योनिग यांनी. ते लिनियसचे शिष्य; 1768 साली तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आले आणि पुढे भारतातच वारले. 1783 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात पेवाला "बँक्सिया स्पेसिओसा" असे नाव मिळाले. "स्पेसिओसा" म्हणजे देखणी. 1791 साली जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला लिनियसच्या कॉस्टस गटात घातले आणि ते "कॉस्टस स्पेसिओसस" झाले. अशा रीतीने हिमालयातील कुष्ठाचा शब्द जगाची फेरी मारून भारतात परत आला, पण तो दुसऱ्याच झाडाच्या अंगावर येऊन बसला. खरे कुष्ठ कोणते हे युरोपीय शास्त्राला कळले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ह्यू फाल्कनर यांनी काश्मिरात ते झाड पाहिले तेव्हा. ते तर सूर्यफुलाच्या कुळातले निघाले!

तोवर कॉस्टस हे नाव पेवाला घट्ट चिकटले होते. 2006 साली गुणसूत्रांतील द्रव्याच्या तौलनिक अभ्यासावरून पेव हा अमेरिकेतील कॉस्टसांपासून वेगळा आहे असे ठरले व त्याला वेगळी प्रजाती देण्यात आली. 2013 साली त्यातही दुरुस्ती होऊन एक जुने नाव पुन्हा वापरात आले. आज शास्त्रीय ग्रंथांत पेवाचे नाव "हेलेनिया स्पेसिओसा" असे आहे. सव्वादोनशे वर्षांत आडनाव तीन वेळा बदलले. "देखणी" हे विशेषण मात्र टिकले.

आपल्या देशी नावांतही गोंधळ कमी नाही. संस्कृत ग्रंथांतील केमुक हे नाव सामान्यतः पेवाला लावतात, आणि हिंदीतील केऊ, केवकंद ही नावे त्याला जुळतात. परंतु काही पुस्तकांत पेवाचे मराठी नाव म्हणून "पुष्करमूळ" असेही छापलेले आढळते. खरे पुष्करमूळ ही काश्मीर-लाहोलकडील उंच प्रदेशातील निराळी वनस्पती. तिचे मूळ सुगंधी असते आणि चरकसंहितेत उचकी, दमा, खोकला व बरगडीतील शूळ यांवर ते श्रेष्ठ मानले आहे. एका शब्दाच्या ओळीत दोन झाडे बसली की रोग्याच्या हाती एकाऐवजी दुसऱ्याचा कंद पडण्याची भीती असते. माझ्या बाबतीत तर त्याच ओळीने वेगळेच संकट आणले.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होतो. एका जुन्या पुस्तकात पेव म्हणजेच पुष्करमूळ असे वाचले. पुष्करमुळाला काष्ठौषधींच्या बाजारात चांगला भाव येतो हे दुसरीकडे वाचले होते. आमच्या घरामागे व्हाळ आहे आणि त्याच्या काठावर, आजीच्या झरीच्या वरच्या अंगाला, पेवांचे दाट रान होते. पुढील वर्षाची फी, पुस्तके आणि खोलीचे भाडे यांचा हिशेब मी मनात मांडला. पिकास घेतली आणि दोन दिवसांत काठाचा मोठा भाग खणून काढला. पोते भरले.

आजी काठावर उभी राहून पाहात होती. एक कंद उचलून तिने मोडला, नाकाशी धरला आणि म्हणाली, "झिला, ह्यां पेव. ह्येका वास खंय आसा?"

मी तिला पुस्तकातील ओळ वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही. ती काही बोलली नाही.

पोते घेऊन मी एस.टी.ने घाटावरच्या एका बाजारपेठेत गेलो. काष्ठौषधींच्या दुकानातील वृद्ध व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, एक तुकडा मोडला आणि अगदी आजीसारखाच नाकाशी धरला. मग म्हणाला, "हे पुष्करमूळ नव्हे बाळ. याला वास कुठे आहे?" त्याने मागच्या डब्यातून खऱ्या पुष्करमुळाचा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्याचा कापरासारखा उग्र वास माझ्या तळहाताला संध्याकाळपर्यंत येत होता. गाडीभाडे अंगावर पडले, पोते तसेच परत आणले.

खरी किंमत पुढे मोजावी लागली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खणलेला काठ खचला. ज्या मुळांच्या जाळ्याने ती माती धरून ठेवली होती ते जाळे मीच तोडले होते. माती झरीत गेली, झर बुजली. ऐन पावसाळ्यात, सगळीकडे पाणी असताना, आजीला पिण्याचे पाणी वाडीच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून आणावे लागले. तिच्या डोक्यावरची कळशी पाहिली की माझी मान खाली जाई. तिने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "आता परत लाव."

पोत्यातील कंद अजून जिवंत होते. आम्ही दोघांनी ते काठावर पुन्हा पुरले. रानातील उभी खोडे वीतवीतभर तोडून ओल्या मातीत आडवी ठेवली. पेवाच्या खोडाच्या प्रत्येक पेरात नवा कोंब फुटण्याची शक्ती असते. काही आठवड्यांत त्यांतील कितीतरी तुकड्यांना कोंब आले. झर उपसून मोकळी करायला मला आणि शेजारच्या दोघांना तीन दिवस लागले. गेल्या भाद्रपदात काठावर पुन्हा फुले आली. पूर्वीइतकी नव्हेत, पण आली.

कंदातील द्रव्य

पेवाचा कंद पुष्करमूळ नव्हे, म्हणून तो निरुपयोगी आहे असा समज होऊ नये. त्याचा इतिहास जगाच्या एका मोठ्या घटनेशी जोडलेला आहे.

माणसाच्या शरीरातील काही संप्रेरके, म्हणजे अंतःस्रावी द्रव्ये, पूर्वी प्राण्यांच्या अवयवांतून अत्यल्प प्रमाणात काढावी लागत आणि ती फार महाग असत. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने डायोस्जेनिन नावाच्या वनस्पतिजन्य द्रव्यापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करण्याची रीत शोधली. हे द्रव्य मुबलक कोठे मिळेल याचा शोध घेत ते मेक्सिकोच्या रानातील एका कंदापर्यंत, आपल्या कोनफळाच्या एका भाईबंदापर्यंत, पोचले. 1944 साली मेक्सिको शहरात सिंटेक्स ही कंपनी स्थापन झाली. 1951 साली तिच्या प्रयोगशाळेत जेरासी, मिरामोंतेस आणि रोझेनक्रान्झ यांनी नॉरएथिस्टेरॉन हे द्रव्य बनवले. तोंडाने घ्यावयाच्या संततिनियमनाच्या गोळ्यांचा पाया ज्या संशोधनांनी घातला त्यांत याची गणना होते. स्त्रियांच्या जीवनात एवढा पालट घडविणाऱ्या औषधाची वाट एका रानकंदापासून निघाली होती.

मग प्रत्येक देश आपल्या रानात डायोस्जेनिन शोधू लागला. आपल्याकडे हिमालयातील एका रानकंदात ते सापडले. पण त्याची इतकी खणणी झाली की 1975 साली त्या वनस्पतीचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत घालावे लागले. 1970 साली भारतीय संशोधकांनी पेवाच्या कंदातही डायोस्जेनिन असल्याचे प्रसिद्ध केले, आणि नंतरच्या काळात पेवाच्या लागवडीचे प्रयोग झाले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. डायोस्जेनिन हा कच्चा माल आहे, औषध नव्हे. त्याचे संप्रेरक होते ते कारखान्यातील रासायनिक क्रियांच्या साखळीने. आपल्या शरीरात ती क्रिया घडत नाही. तेव्हा कंद चावून गोळीचा गुण येईल असे कोणी समजू नये.

ज्या कुष्ठाचे नाव पेवाने दोनशे वर्षे वागवले त्याची गतही सांगावयास हवी. अतोनात खणणीमुळे खरे कुष्ठ रानातून नाहीसे होऊ लागले आणि 1985 पासून ते त्याच कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. ज्याला नाव, भाव आणि वास तिन्ही होते ते झाड संकटात आले. आमचा बिनवासाचा पेव बाजाराला नको होता, म्हणून व्हाळाच्या काठी सुखाने राहिला.

एक नवा घोटाळा

माझ्यासारखी चूक आजही होते आहे. अलीकडे रोपवाटिकांतून "इन्सुलिनचे रोप" म्हणून एक झाड विकले जाते. ते पेवाच्याच कुळातले, पण ब्राझीलचे; फूल नारिंगी, उंची बेताची. त्याचे पान रोज खाल्ले की मधुमेह बरा होतो असे सांगितले जाते. त्याच्यात इन्सुलिन नसते. ते केवळ लोकांनी दिलेले नाव आहे. पाने गोल जिन्यासारखी पाहून काही लोक आता रानातल्या पेवालाच इन्सुलिनचे झाड म्हणू लागले आहेत. आमच्या वाडीतही एका गृहस्थांनी आजीकडे पेवाची पाने मागितली आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करण्याचा विचार बोलून दाखवला. या वेळी मी गप्प बसलो नाही. नारिंगी फूल आणि पांढरे फूल यांतला फरक त्यांना दाखवला, नाव म्हणजे गुण नव्हे हे सांगितले आणि गोळ्या चालू ठेवण्याची विनंती केली. माझे पोते त्यांनी पाहिलेले होते. त्यामुळे त्यांना ते पटले असावे.

समारोप

पेव हे दुर्मिळ झाड नाही. परंतु व्हाळांचे काठ सिमेंटने बांधले जातात, रस्ता रुंद होताना कडेची रानटी झाडी साफ होते, देवरायांची सावली विरळ होते, तेव्हा ज्या ओलीवर तो जगतो ती ओल जाते. "गवत आहे, काढून टाका" असे म्हणणाऱ्यालाही त्याचे नाव ठाऊक नसते, आणि "औषधी आहे, खणून काढा" असे म्हणणाऱ्याला चुकीचे ठाऊक असते. दोघांच्या हातून झाडाचे होते ते एकच.

आपण कला शाखेचे विद्यार्थी शब्दांचे अभ्यासक आहोत. म्हणून एक छोटी सूचना करतो. सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या गावातील दहा रानझाडांची नावे वडीलधाऱ्यांकडून लिहून आणा. नावापुढे झाड कोठे उभे आहे, फूल कोणत्या रंगाचे, पानाला वास कसा, हेही लिहा. कारण नुसत्या नावाने काय होते ते या लेखात पाहिलेच. कोशातील शब्दाला रानातील झाडाची साक्ष हवी. ती साक्ष पुष्कळदा अशा माणसांपाशी असते ज्यांनी कोश कधी उघडलेला नाही.

आजीने कंद नाकाशी धरला तेव्हा तिच्या त्या एका प्रश्नात आल्याच्या आणि पेवाच्या कुळांतील भेद, व्यापाऱ्याची परीक्षा आणि माझ्या चुकीचे उत्तर, हे सारे होते. माझ्या हातात पुस्तक होते, म्हणून मला ते ऐकू आले नाही. येत्या भाद्रपदात काठावरील पेव फुलतील तेव्हा मी ते पुस्तक घेऊन तेथे जाणार आहे, आणि त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिणार आहे : "हे पुष्करमूळ नव्हे. याला वास नाही. आजीने सांगितले."